कलती छत्री

शेजारच्या दुकानावरची छत्री पुन्हा त्याच्याच बाजूला कलली. नॉर्बर्टनं काकड्यांची टोपली दाणकन खाली ठेवली.

"बघितलंस? ऊन येतंय सरोवराकडून आणि ही बाई छत्री धरते माझ्या बाजूला," तो समोर चीज विकणाऱ्या आर्लीनला म्हणाला. "माझं दुकान झाकायचं, दुसरं काय!"

"तुझ्या डोक्यावरच धरायला हवी ती," आर्लीन म्हणाली. "ऑगस्टचं ऊन चढलंय तुला."

नॉर्बर्टला चढलं होतं ते ऊन नव्हे. शेजारच्या पा-न्याच्या दुकानासमोर रांग होती आणि त्याच्यासमोर काळं कुत्रंही नव्हतं, हे त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. तीन पिढ्या त्याचं घराणं या मातीत काकडी पिकवत आलं होतं. पा-न्या ही लाओसमधून आलेल्या ह्मोंग जमातीच्या निर्वासितांची मुलगी. तिची काकडी बोटाएवढी, टोमॅटोही बेतास बात. तरी जो तो तिच्याकडे. तिच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही, या विचारानं त्याला रात्री झोप लागत नसे.

लोक सांगत, बिल्ल्यांमुळे. बाजाराच्या तोंडाशी एक तंबू होता. गरिबांना सरकारकडून अन्नासाठी मिळणारं कार्ड तिथे दाखवलं की लाकडी बिल्ले मिळत आणि वर तेवढेच हिरवे बिल्ले फुकट. हिरव्या बिल्ल्यांवर फक्त फळं आणि भाजी घ्यायची. गरिबाच्या घरातही ताजं काही शिजावं म्हणून ही सोय. बाजारात जवळजवळ सगळेच दुकानदार बिल्ले घेत. नॉर्बर्टच्या दुकानावर मात्र त्यानं स्वतः लिहिलेली पाटी होती: 'फक्त रोख. बिल्ले चालणार नाहीत.'

"तूही घे की बिल्ले, म्हणजे जळफळाट थांबेल," आर्लीन म्हणाली.

"फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांसाठी मी घाम गाळत नाही," नॉर्बर्ट मोठ्यानं म्हणाला. हिरवे बिल्ले मुठीत घेऊन समोरून एक म्हातारी चालली होती, तिला ऐकू जावं म्हणूनच. म्हातारीनं मूठ खिशात घातली आणि पावलं उचलली.

त्याची जागा कोपऱ्यावर, जरा चढावर होती. तिथून सगळा बाजार दिसे. कोण काय घेतो, कशानं घेतो, काही सुटत नसे, आणि पाहिलेलं तो बोलून दाखवल्याशिवाय राहत नसे. फक्त छत्रीमागचं तेवढं दिसायचं नाही आणि नेमकी गर्दी तिथेच. काय देत असेल ती त्यांना तिथे? वर मूठभर जास्त? गोड बोलून गुंडाळत असेल? बरं, छत्री अशी धरल्यानं तिची स्वतःची कोथिंबीर उन्हात माना टाकत होती. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी बाई ती हीच, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

त्याच्या फळीखाली मक्याच्या कणसांची एक पिशवी वेगळी ठेवलेली होती. ती त्याच्या एकुलत्या लेकीसाठी, जोडीसाठी; तिचा नवरा कार्ल कारखान्यात कामाला. दर शनिवारी ती यायची, पिशवी उचलायची आणि पैसे मोजून द्यायची. बाप पोटच्या पोरीकडूनही पैसे घेतो म्हणून लोक हसत. नॉर्बर्टला त्याचा अभिमान होता. फुकटचं घ्यायचं नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. वसंतापासून मात्र ती आली नव्हती. फोनवर म्हणायची, मुलांची पोहण्याची शिकवणी असते शनिवारी. पिशवी तो तरीही भरायचा आणि बाजार उठला की घरी परत न्यायचा.

छत्रीमागून कुणीतरी हसलं. नॉर्बर्टचा तोल गेला. तो तरातरा वळसा घालून गेला, छत्रीचा दांडा धरला आणि हिसडा देऊन ती सरळ केली.

समोर जोडी उभी होती. तिच्या पिशवीत पा-न्याची बोटाएवढी काकडी होती.

गिऱ्हाइकं नेली ती नेली, आता लेकही नेली.

"माझी काकडी कडू निघाली का गं?" त्यानं तिला विचारलं.

जोडीनं मूठ उघडली. तळव्यावर हिरवे बिल्ले होते.

"कार्लचा कारखाना बंद पडला, डॅडी. एप्रिलमध्येच. तुमच्याकडे हे चालत नाहीत ना." एवढं बोलून तिनं पिशवी छातीशी धरली आणि खाली मान घालून ती तंबूच्या दिशेनं निघून गेली. रांगेतली माणसंही एकेक करून पांगली.

नॉर्बर्टनं दांडा सोडला. मग जो सापडला त्याच्यावर सगळं काढावं तसा तो पा-न्याकडे वळला.

"माझ्या मुलीला माझ्यापासून लपवत होतात तुम्ही. असं काय देता तुम्ही या सगळ्यांना?"

पा-न्या सुकलेली कोथिंबीर निवडून बाजूला टाकत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी काय देणार, नॉर्बर्ट? काकडी तर तुमचीच चांगली. पण अख्ख्या बाजारात तुमची नजर पोचत नाही, अशी ही एवढीच जागा आहे."