वापरणारं कुणी नाही

अपडेट संपलं आणि बाबांचा आवाज गेला. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तो घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. तेव्हा लेकीने बंद पडलेल्या कंपनीचा एक चिमुकला कॉम्प्युटर भंगारातून उचलला, त्यावर सगळ्यांना खुली असलेली, फुकट मिळणारी सिस्टिम बसवली, आणि बाबा टाइप करतील ते यंत्र बोलू लागलं.

आता बाबा 'चहा गार झाला' असं टाइप करून बोलायचं बटण दाबत होते. यंत्र ढिम्म.

लेकीचा धंदाच दुरुस्तीचा. दोन मिनिटांत तिला कारण सापडलं. नव्या आवृत्तीतून या मॉडेलचा आवाजाचा भागच काढून टाकला होता. बदलांच्या यादीत त्याच्या शेजारी एक ओळ होती: 'वापरणारं कुणी नाही.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉस्पिटलात बाबांच्या वॉर्डात असलेल्या, तसाच आवाज गेलेल्या आणखी दहा जणांना तिने हेच यंत्र तयार करून दिलं होतं. त्यांनी अपडेट केलं की तीही घरं मुकी होणार. ती ओळ लिहिणाऱ्याचा नंबर तिने शोधून काढला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"वापरणारं कुणी नाही? मग माझे बाबा कोण? डोळे फुटले होते का तुमचे?"

"ताई, नोकरी सांभाळून फुकट करतो मी हे काम," पलीकडचा माणूसही तापला. "मनाला आलं म्हणून नाही काढलं. वर्षभर नोंदी बघितल्या. सिस्टिम बसवताना यंत्र विचारतं ना, तुम्ही हे वापरता ते आम्हाला कळवू का? या मॉडेलवरून एकही 'हो' आलं नाही."

तो प्रश्न तिला पाठ होता. आपल्या घरात काय चालतं याच्या चौकशा कुणाला कशाला हव्यात, असं म्हणत तिने अकराही यंत्रांवर ठसक्यात 'नाही' दाबलं होतं. वर बाबांना ते कौतुकाने सांगितलंही होतं. राग तसाच होता, फक्त आता तो काढायचा कुणावर ते कळेना.

"हॅलो? ताई?"

बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी लेकीकडे असं पाहिलं की तिची मान खाली गेली. मग कीबोर्ड पुढे ओढून त्यांनी 'मी आहे' असं टाइप केलं आणि बोलायचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग मूठच आपटली.

"हे ठकठक काय चाललंय तिकडे?"

तिने फोन त्या बटणाजवळ नेऊन धरला.

"मोजा," ती म्हणाली. "हे पहिलं 'हो'."