लाडोबाचं पाणी

लाडोबा शिलाई मशीनखाली आडवा पडला होता. चारही पाय सायकल मारल्यासारखे हवेत चालले होते. डोळे सताड उघडे होते, पण त्यांना ताई दिसत नव्हती. पाऊण तासापूर्वी तिनेच त्याला इन्सुलिन टोचलं होतं. कापडाची चुणी धरावी तशी मानेमागची कातडी चिमटीत धरून, अगदी रोजच्यासारखं.

पण सकाळची सुई ताईची नव्हेच. सकाळची धाकट्या बहिणीची आणि संध्याकाळची ताईची, अशी वाटणी होती. जिने दिली तिने कॅलेंडरवर फुली मारायची. आठ महिन्यांच्या अबोल्यात दोघींचं संभाषण ते एवढंच. धाकटीने वडिलांची जुनी खुर्ची न विचारता भंगारात दिली, ताईने अबोला धरला, आणि धाकटी तरी कशाला मागे राहते! पन्नाशी उलटलेल्या दोन बायका एका छपराखाली मुक्याने नांदत होत्या, आणि मध्ये हा नऊ वर्षांचा मधुमेही बोका. आज कॅलेंडरवर फुली नव्हती. धाकटी बेकरीत कामाला होती, तिला पहाटे निघावं लागे. उशीर झाला म्हणून तशीच पळाली असेल, असं समजून ताईने सुई दिली होती.

आता तिच्या पाचावर धारण बसली. धाकट्या बाईसाहेबांनी सुई दिली असणार आणि फुली मारायला विसरल्या असणार. औषध दोनदा गेलं, म्हणजे साखर पार तळाला गेली. तिने फोन लावला.

"लाडोबाला झटके येतायत, सकाळची सुई तू दिली होतीस?" आठ महिन्यांतलं हे पहिलं वाक्य.

पलीकडे ट्रे आपटल्याचा आवाज आला. "त्याच्या हिरड्यांना साखर चोळ. मी आलेच," असं म्हणून धाकटीने फोन ठेवला. नाही म्हणाली नाही म्हणजे दिलीच, असं ताई धरून चालली.

तिने तळहातावर साखर भिजवली आणि बोट बोक्याच्या ओठाआड घातलं. गेले पाच महिने या घरात त्याच्यासाठी जे विष होतं, तेच आज ती चोळत होती. एकदा, दोनदा, दहादा. आधी मागचे पाय थांबले. मग एक कान हळूच वळला. मग डोळ्यांतली काळी बाहुली बारीक होत गेली, आणि लाडोबाने ताईकडे पाहिलं. तिलाच पाहिलं. खरखरीत जिभेने तिचं बोट चाटलं. ताई फरशीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. गेलेला जीव चिमूटभर साखरेवर परत येतो, हे तिने या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तिचा विश्वास बसत नव्हता.

पिठाने माखलेली धाकटी आली. दोघी त्याला टोपलीत घालून डॉक्टरांकडे निघाल्या. वाटेत ताईने आठ महिन्यांचं सगळं जिभेवर तयार ठेवलं होतं.

जनावरांचे डॉक्टर धान्याच्या दुकानामागे एका खोलीत बसत. रक्त तपासायच्या पट्ट्या या दोघींच्या आवाक्याबाहेरच्या होत्या, म्हणून डॉक्टरांनीच फुकटची युक्ती शिकवली होती. साखर वाढली की मांजर पाणी ढोसतं, तेव्हा भांड्यात पाणी मोजून ओता आणि किती उरलं ते बघा. धाकटी पहाटे भांडं भरायची, ताई संध्याकाळी.

"हिने सुई दिली आणि खूण केली नाही," ताईने सुरुवात केली.

"मी दिलीच नाही," धाकटी म्हणाली. "उशीर झाला होता. बेकरीतून फोन करणार होते. करायला हवा होता."

डॉक्टरांनी लाडोबाच्या कानाच्या कडेला टोचून थेंब घेतला. यंत्राकडे पाहिलं. मग दुसरी पट्टी काढली, दुसऱ्या कानाचा थेंब घेतला आणि चष्मा वर सारला.

एकाच डोसाने एवढी साखर उतरली, ते म्हणाले, याचा अर्थ याचं शरीर पुन्हा स्वतःचं इन्सुलिन बनवायला लागलंय. मांजरांमध्ये कधीकधी होतं असं. कोरडा खाऊ बंद करून तुम्ही उकडलेलं मांस दिलंत, एक सुई चुकवली नाहीत, त्याचं हे फळ. आता सुई बंद. लक्ष ठेवा, दुखणं परतूही शकतं, पण आज तरी हा बरा आहे.

ताईने लाडोबाच्या पोटावर हात ठेवला. या ऊबदार, मऊ पोटाच्या आत, अंधारात, कोणालाही न विचारता, बंद पडलेलं काहीतरी आपलं आपण सुरू झालं होतं. जिभेवरचं सगळं ती विसरून गेली. धाकटीचाही पिठाळ हात आला आणि तिच्या हाताशेजारी टेकला.

"पण निदान पंधरा दिवस तरी याचं पाणी कमी झालं असणार," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाच आला असतात तर आजची वेळ आली नसती. कोणालाच दिसलं नाही?"

"संध्याकाळी भांडं जवळजवळ भरलेलंच असायचं," ताई हळूच म्हणाली. "मला वाटलं, रात्री पीत असेल."

"पहाटेही भरलेलंच असायचं," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, दिवसा पीत असेल."

डॉक्टरांनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. "तुम्ही एकाच घरात राहता ना?"

धाकटीने ताईकडे मान वळवली.

"राहतो का गं, ताई?"