कमरेचा पंचा

तापीत बुडालेलं माणूस शोधून वर काढायचं, हे काम आमचे आबा देवपूजेसारखं करायचे. पाण्याला हात जोडायचे, कमरेला कोरा पंचा बांधायचे आणि बुडी मारायचे. पुराचं पाणी अंगावर कापड ठेवत नाही, म्हणून प्रेत सापडलं की तळाशीच त्याला पंचा गुंडाळून घट्ट गाठ मारायचे, मगच वर आणायचे. श्वास कोंडायला, नदीला माय म्हणायला त्यांनीच मला शिकवलं. पंचा मात्र मी कधी बांधला नाही. "वर आनीसन झाकूत ना, आबा. खाले कोन देखस?" मी म्हणायचो. "तापीमाय देखस," एवढंच त्यांचं उत्तर. अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात पुलावरून उडी घेतलेल्या गावातल्या एका सुनेला शोधायला आबा एकटेच गेले. मी केळीच्या बागेत होतो. निरोप मिळून नदीवर पोचेपर्यंत तासभर उलटला होता. काठावर तिचा भाऊ उभा होता. "आबा वर उनाच नही," तो म्हणाला. मी बुडी मारली. गढूळ पाण्यात दिसत काहीच नव्हतं, हातांनीच चाचपडत गेलो. तळाशी बुडालेल्या बाभळीत आबांचा पाय अडकला होता. अंगात जीव नव्हता. त्यांना खेटून ती होती आणि पंचा तिच्याभोवती गुंडाळलेला होता. त्याचं टोक आबांनी मुठीत घट्ट धरलेलं, गाठ तेवढी मारायची राहिली होती. माझाही श्वास संपत आला होता. आबांचा पाय सोडवायच्या आधी मी त्यांच्या मुठीतून ते टोक घेतलं आणि गाठ मारली.