शेजारणीची गाठ

गाठ सिंधूताईंच्या डाव्या छातीत होती, पण बोलता बोलता त्यांनी ती शेजारच्या पुष्पांजलीला देऊन टाकली.

"आपल्या पुष्पांजलीले गाठ हाय म्हणे, हरभऱ्याएवढी," त्या भाचीला म्हणाल्या आणि सुपातली ज्वारी निवडू लागल्या, जणू गाठीपेक्षा ज्वारीतले खडेच मोठे होते.

भाची मंजुश्री पुण्याच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवर काम करत होती. दोन दिवसांसाठी रोहिणखेडला आली होती आणि सकाळपासून आत्याला मोबाइलवर फोटो दाखवत होती. जेलीच्या थेंबात बसलेले, पेशींचे मोहरीहून बारीक गोळे. ते काय खातात, कोण खाऊ घालतं, रविवारी त्यांचं कोण बघतं, हे सगळं सिंधूताईंनी विचारून घेतलं होतं. अंगाएवढ्या उबेच्या कपाटात ते ठेवायचे, एक दिवसाआड त्यांचं पोषणाचं पाणी बदलायचं, रविवारी आपणच जायचं, असं मंजुश्रीने सांगितलं. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या सिंधूताईंना यात नवल वाटलं नाही.

"म्हणजे तू कॅन्सरची अंगणवाडी चालवून राह्यली," त्या म्हणाल्या.

मंजुश्री हसली. तिला ते नाकारता आलं नाही. पण जेली कशाला, साधी बशी का नको, हे मात्र तिने समजावून सांगितलं. पेशी एकटीच प्लास्टिकच्या बशीत ठेवली तर चपटी होऊन पडते. अंगात असताना वागते तशी वागत नाही. औषध घातलं की पटकन मरते आणि आपल्याला वाटतं, जिंकलो. म्हणून तिच्याभोवती अंगातल्यासारखा मऊ शेजार करायचा, त्यात दुसऱ्या पेशी सोडायच्या. मग तिचे खरे गुण दिसतात. काही शेजारी तिला लपवतात, तर काही तिला वाढू देत नाहीत. मंजुश्रीचं सगळं काम त्या शेजाऱ्यांवरच चाललं होतं.

हे ऐकता ऐकताच सिंधूताईंनी गाठीचा विषय काढला होता. दिवाळीपासून त्या कुणाकडे तरी तो काढायचा म्हणत होत्या.

दुसरीचं नाव सांगणं हे काही त्यांच्या मनचं नव्हतं. गावचा रिवाजच तसा. तीस वर्षांत एकही बाई स्वतःचं दुखणं घेऊन त्यांच्याकडे आली नाही. सरस्वतीबाई शेजारणीची पाळी चुकल्याचं सांगायला आली आणि सात महिन्यांनी स्वतःच बाळंत झाली. धम्मशीलाच्या जावेला चक्कर येत होती, पण लोहाच्या गोळ्या धम्मशीलाने तिथेच उभ्या उभ्या गिळल्या. सिंधूताईंनी कधी कुणाला उघडं पाडलं नाही. शेजारणीलाच तपासायला न्यायचंय असं दाखवायचं, म्हणजे जिचं दुखणं ती बाई सोबतीला म्हणून आपोआप येते, हे त्या शिकल्या होत्या. गाठ असलेल्या आठ बायकांना त्यांनी अशाच युक्तीने बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. त्यातल्या सहाजणी आजही बाजारात भेटतात, भाव करतात, भांडतात. पण दिवाळीपासून सिंधूताईंना आठवत होत्या त्या उरलेल्या दोघीच.

रिवाजात एक पथ्य असे. शेजारीण लांबच्या आळीतली घ्यायची. घाईत सिंधूताई ते विसरल्या. पुष्पांजलीचं आणि त्यांचं अंगण एकच, मध्ये फक्त एक टिनाचा पत्रा, आणि पत्र्यापलीकडे ती भांडी घासत बसली होती.

मंजुश्रीने मोबाइल बाजूला ठेवला. आपण काही दवाखान्यातली डॉक्टर नाही, असं आधीच सांगून तिने विचारायला सुरुवात केली. गाठ कोणत्या बाजूला, कधीपासून, दुखते का, हाताखाली सरकते का. सिंधूताईंनी सगळी उत्तरं चोख दिली. डाव्या अंगाला, दिवाळीपासून, दुखत नाही, सरकतही नाही. सांगताना त्यांचा उजवा हात सूप सोडून डाव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला.

मंजुश्रीने तो हात पाहिला.

मग म्हणाली की गाठ साधीही असू शकते, पण बसून कळणार नाही, तपासलीच पाहिजे, आणि पुष्पांजलीकाकूंना आजच न्यायचं. सिंधूताई म्हणाल्या, ती येणार नाही. तिच्या घरी गहू काढायचा आहे, सून माहेरी गेली आहे, शिवाय ती हट्टी आहे. मंजुश्री म्हणाली, मग मीच जाऊन तिला समजावते. ती खरंच उठली आणि चपलेत पाय घालू लागली.

तिला पदर असता तर सिंधूताईंनी पदर धरला असता, त्यांच्या हाती ओढणी लागली.

"नको जाऊ पोरी. ते भेते. तिनं दोघीजणी जाताना पाह्यल्या हायेत."

मंजुश्री तशीच उभी राहिली. आता आत्याच्या तोंडाकडे पाहण्याचं तिला धाडस होईना. पत्र्यापलीकडचा भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता, हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं.

थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. पुष्पांजली आत आली. हात अजून ओले होते, पण लुगडं बदललेलं, ठेवणीतलं होतं, आणि खांद्याला पिशवी होती. नळाच्या पाण्यावरून पंचवीस वर्षं भांडत आलेली बाई ती. आपल्या नावावर भलतीच गाठ चिकटवली म्हणून आता सगळी आळी गोळा करील, असं समजून सिंधूताईंनी मान खाली घातली.

पुष्पांजलीने त्यांच्या मांडीवरचं सूप उचललं, बाजूला ठेवलं आणि हात पुढे केला.

"चाल सिंधू, दुपारची एसटी गाठू. गाठ माही हाय, मले एकटीले जायाचं भेव लागते."