तणमोराची पिसं

अमरावतीच्या कार्यशाळेत डीएनएचं विश्लेषण शिकायला आलेल्या पोरांच्या पडद्यांवर ठिपक्यांचा सडा पडला होता. एक नमुना म्हणजे एक ठिपका, असा साधा हिशेब. आरतीच्या पडद्यावर मात्र एकच ठिपका आला.

तीन पावसाळे दर्यापूरकडचा काळा चिखल तुडवत तिनं गावोगावच्या पडीक रानांतून नामशेष होत चाललेल्या तणमोराची पिसं वेचली होती. जाईल तिथं लोक हात करून सांगायचे, "आमच्या इथंच तर गवतातून उड्या मारते तो, मादीले बोलवाले." नवं गाव, नवं पीस, की तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं. पक्षी अजून आहेत!

"मॅडम, मी एकच फाइल सगळीकडं कॉपी केली वाटते," ती म्हणाली. "नवीन पोरं हीच चूक करतात, तुमीच सांगितलं होतं."

अनुपमा मॅडम तिच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी एकेक फाइल उघडून पाहिली, सगळं पुन्हा चालवून पाहिलं. चूक सापडू दे रे देवा, आरती मागं उभी राहून विनवत होती.

"तुझं काहीच चुकलं नाही," मॅडम पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "पिसं वेगवेगळी आहेत. ठिपकेही तेवढेच आहेत, पण एकावर एक पडलेत. पक्षी एकच आहे."

आरतीनं पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मंग तीन वर्सं, गावोगाव जाऊन, तो कोणाले बोलवून राहिला होता, मॅडम?"