वीतभर पत्रा

रेघ सरकली होती.

धाकटा गाडीखाली उताणा पडला होता, तोंडात टॉर्च धरून. बंपरजवळ मामाने छिन्नीने मारलेली खूण जागच्या जागी होती. पांढरी रेघ मात्र तिथून निघत नव्हती. ती धाकट्याच्या बाजूला आत शिरून मग मागे गेली होती. त्याने हात ताणून मोजलं. चांगली भरली वीत निघाली.

वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं, भांडी वाटली, शिडी एकाकडे तर करवत दुसऱ्याकडे गेली. उरली ही जुनी व्हॅन. तिचे दोन तुकडे कसे करणार? मामाने तेही करून दाखवलं. तिच्या पोटाखाली पुढून मागपर्यंत ऑइलपेंटची रेघ मारली. ड्रायव्हरची बाजू थोरल्याची, शेजारची धाकट्याची. उन्हाळाभर थोरल्याने वापरायची, हिवाळ्यात धाकट्याने. आणि ज्याच्या बाजूला गंज, त्यानेच तो काढायचा. दोघांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून बोलणं जे बंद झालं, त्याला आता तीन वर्षं उलटून गेली होती.

गाडी धाकट्याच्या ताब्यात द्यायच्या आधी थोरला आठवडाभर तिच्याखाली असायचा. खरवडायचा, कुजका पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, वर काळा रंग, आणि शेवटी रेघ पुन्हा पांढरी. धाकट्याला एवढा दम कुठला? तो आपल्या बाजूच्या गंजावर सरळ डांबर फासून मोकळा व्हायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. बायकोला आठवा महिना लागला होता. दवाखाना डोंगरापलीकडे. बर्फ पडला की बस बंद, आणि रस्त्यावर जे मीठ टाकतात ते गाडीचा पत्रा खाऊन टाकतं. ऐन थंडीत हिला याच गाडीतून न्यायचं, या विचाराने त्याला धड जेवण जात नव्हतं. एका जागी बसवत नव्हतं. म्हणून तर तो यंदा पहिल्यांदाच टॉर्च घेऊन खाली शिरला होता. आणि दिसलं काय, तर भावाची करणी.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शेत असतं तर बांध कोरला म्हणता आलं असतं. हा पठ्ठ्या गाडीत कोरत होता. वर्षाला चार बोटं, तीन वर्षांत वीत! तो बाहेर आला, घरात गेला, पुन्हा बाहेर आला. बायकोला तेच तेच तीनदा सांगून झालं. ती म्हणाली, अहो, वीत राहू द्या, आधी गंजाचं बघा, आभाळ खाली आलंय. पण ऐकतो कोण? तो तसाच तावातावाने शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला.

थोरला लाकडं फोडत होता.

"रेघ तू सरकवलीस?"

"हो," थोरला म्हणाला. मान वर केली नाही.

धाकट्याने वाटेत जुळवून आणलेलं सगळं भांडण वाया गेलं. चोर इतका सरळ कबूल झाला तर पुढे बोलायचं काय? माझी वीत मला परत हवी, एवढंच तो कसंबसं म्हणाला. थोरल्याने कुऱ्हाड ठेवली, आत जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि त्याच्या हातात दिला. मार म्हणाला, जुन्या खुणेवर.

धाकटा पुन्हा खाली शिरला. रेघ मारायची तर आधी चिखलाची पापडी पाडायला हवी, म्हणून त्याने हातोडी घेतली. त्या वीतभर पट्ट्यावर ठोका मारला. टण्ण. पुढे मारला, तिथेही टण्ण. त्याने रंग थोडा खरवडून पाहिला. आत नवाकोरा जाड पत्रा होता, शिवणीच्या टाक्यांसारखे जवळजवळ वेल्ड घातलेले. शेजारच्या सीटचे आतल्या बाजूचे दोन्ही बोल्ट त्याच पत्र्यात कसलेले होते.

मग त्याने हातोडी आपल्या बाजूला नेली. बाहेरच्या दोन बोल्टांपाशी, डांबरावर. आवाज आलाच नाही. हातोडी दांड्यापर्यंत आत गेली आणि ओंजळभर लाल भुगा त्याच्या तोंडावर पडला. भोकातून वर सीटचा पाय दिसत होता. तो पाय कशावरच उभा नव्हता.

तिन्ही हिवाळे बायको त्याच सीटवर बसली होती. वळणावळणांच्या रस्त्यावर, बर्फात, त्याच्या शेजारी हसत बोलत. भावाच्या वीतभर पत्र्यावर. आणि तो ती वीत परत मागायला गेला होता. गंजाची वीत चोरणाऱ्याच्या वाट्याला फक्त तो काढायचं काम येतं, हे त्याला आत्ता कळत होतं. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की गाडीखालून निघावंसं वाटेना.

निघाला, तेव्हा बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. तोंडही न पुसता तो शेजारी गेला. थोरल्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग पुन्हा लाकडांकडे.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर हात लावू दिला असतास?"

नसता दिला. दोघांनाही ते ठाऊक होतं. धाकट्याने न उघडलेला डबा त्याच्यापुढे ओंडक्यावर ठेवला.

"रेघ अजून सरकव, दादा," तो म्हणाला. "पार पलीकडच्या दारापर्यंत सरकव."