कोथिंबिरीचा शेवटचा सौदा

"पाच मिनिटं राहिली!" दिवेकर सर ओरडले आणि वर्गातल्या बाजारात एकच गलका झाला. बाजार कोथिंबिरीचा होता. कोथिंबिरीची काडीही कुठे नव्हती, होत्या त्या नुसत्या चिठ्ठ्या. अर्ध्या वर्गाला सरांनी विक्रेते केलं होतं, अर्ध्याला गिऱ्हाईक. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर जुडी त्याला केवढ्याला पडली ते लिहिलेलं, गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर ती त्याच्या लेखी केवढ्याची आहे ते. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. फिरायचं, घासाघीस करायची आणि एकच जुडी घ्यायची किंवा विकायची. एफ. वाय.च्या पोरांना मागणी-पुरवठा शिकवायची सरांची ही दरवर्षीची पद्धत होती, आणि या तासाचे मार्क ते अंतर्गत परीक्षेत धरत. नफा झाला तर चांगले मार्क. सौदा जमलाच नाही तर पासापुरते. तोट्यात गेलात तर भोपळा.

आमोद खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा होता. तो गिऱ्हाईक होता, त्याच्या चिठ्ठीवर दहा रुपये होते, आणि बाजारात पंचवीसच्या खाली कुणी बोलायलाच तयार नव्हतं. म्हणजे त्याला काही करायचंच नव्हतं. नुसतं उभं राहायचं आणि पासापुरते मार्क पदरात पाडून घ्यायचे. त्याला तेवढेच हवे होते. गेल्या वर्षी तो नेमका याच विषयात आपटला होता. "पुन्हा नापास झालास तर कॉलेज बंद. विश्रांतवाडीला मामाच्या दुकानात फरश्या विकायच्या. रोज धायरीहून जायचं, स्वारगेटला बस बदलायची," असं बाबांनी सगळ्या घरासमोर सांगून ठेवलं होतं. आणि बाबा बोलले की करतात, हा आमोदचा लहानपणापासूनचा अनुभव होता.

पण समोर स्वराली उभी होती. स्वराली म्हणजे वर्गातली पहिली. अर्धा मार्क कापला गेला तरी सरांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहणारी. यंदा कॉलेज सुरू झाल्यापासून आमोद तिच्या मागच्या बाकावर बसत होता आणि तिच्याशी बोलायला निमित्त शोधत होता. निमित्तं ढिगाने मिळाली. तिचं पेन पडलं, पंखा बंद पडला, एकदा तर तिचा डबा त्याच्या बाकावर राहिला. दर वेळी याची दातखीळ बसली. डबासुद्धा त्याने शिपाईमामांच्या हाती पाठवला.

आता वर्गभर जुड्या खपल्या होत्या आणि ती एकटीच फळ्यापाशी, मुठीत चिठ्ठी धरून उभी होती. तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. एवढी हुशार मुलगी, आणि तिचाच माल पडून राहावा! आमोदचा जीव तुटला. दहाची वस्तू पंचवीसला घेतली तर काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकच विषय दोनदा शिकलेल्या माणसाला तेवढं कळतंच.

"शेवटचं मिनिट!" सर म्हणाले.

आमोदचे पाय निघाले. बाकीचा आमोद त्यांच्यामागून गेला.

"जुडी आहे?" त्याने विचारलं. आवाज जरा फाटलाच.

"आहे."

"पंचवीस?"

"घे."

पुण्यात घासाघीस न करता कोथिंबीर घेणारा हा पहिलाच माणूस असावा. आमोद खिडकीपाशी परत आला तो तरंगतच. त्याचं दिवाळं निघालं होतं, पण तिला तरी नफा झाला असणार, या आनंदात त्याला मामाचं दुकानही क्षणभर बरं वाटलं. फरश्या काय, वाईट असतात का?

सरांनी चिठ्ठ्या गोळा करून उघडायला सुरुवात केली. फळ्यावर भाव मांडले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बहुतेक सौदे पंचवीसच्या आसपास झाले होते. सरांची कळी खुलली. "बघा. ज्याला जुडी फार महाग पडली, तो विकत नाही. ज्याला तिची किंमतच नाही, तो घेत नाही. अशी माणसं रिकाम्या हाताने घरी जातात आणि बाजार सुखाने चालतो. या दोघांचा आपसात सौदा होऊच शकत नाही." मग त्यांच्या हातात आमोदची चिठ्ठी आली.

"दहाची वस्तू पंचवीसला?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आमोदराव, आपण गेल्या वर्षीही माझ्याच वर्गात होतात ना? मग मी शिकवत कुणाला होतो? का घेतलीत जुडी?"

"ती एकटीच उभी होती, सर," आमोदच्या तोंडून निघून गेलं.

वर्गाने बाकं बडवली. आमोदचे कान तापले. सरांनी त्याच्या नावापुढे शांतपणे भोपळा काढला, आणि फरशीचं दुकान आता अगदी पाटीसकट दिसू लागलं. या मुलीपायी आपण वर्ष घालवलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

सरांनी स्वरालीची चिठ्ठी उघडली. वाचली. उलटी करून पाहिली. पुन्हा वाचली.

"चाळीस," ते म्हणाले. "अहो, चाळीसला पडलेली जुडी तुम्ही पंचवीसला दिलीत? म्हणजे दोघंही तोट्यात? असा सौदा कुठल्याच पुस्तकात नाही."

भोपळा स्वरालीच्याही नावापुढे पडला, तरी ती सरांशी वाद घालायला उठली नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून चेतन ताडकन उभा राहिला. त्याच्यावर खरोखरच मोठा अन्याय झाला होता. "ए स्वराली, मी तर सुरुवातीलाच तुला तीस देत होतो! माझ्यानंतर अर्णव आला, सलोनी आली. सगळ्यांना नाही म्हणालीस!"

"तुम्हाला कुणाला द्यायचीच नव्हती," स्वराली म्हणाली.